चारशे बारा विद्यार्थी आणि एक चौरस मीटर

चौकटसरांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि बहुधा तेवढ्यापुरतंच उरलं होतं. विद्यार्थी, सहकारी, कँटीनवाला, झालंच तर सख्खा मेहुणासुद्धा त्यांना चौकटसरच म्हणायचा. बायको तेवढी "अहो" म्हणायची, पण शनिवारी त्या "अहो"ला एक वेगळा सूर लागायचा.

कारण शनिवार चौकटीचा होता. कॉलेजच्या पाण्याच्या टाकीमागे, मोडकी बाकं आणून टाकतात तिथे, जमिनीत एक लोखंडी चौकट रोवलेली होती. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. दर शनिवारी दुपारी चार वाजता सर तिथे पोतं अंथरायचे, गुडघे टेकायचे आणि त्या चौकटीत काय काय उगवलंय ते मोजून एका लांबट रजिस्टरात लिहायचे. किती जातींची रोपं, कुठल्या जातीची किती, कोण फुललं, कोण वाळलं. आत गुलाब किंवा चंदन होतं अशी कुणी समजूत करून घेऊ नये. माळी ज्याला तण म्हणतो आणि बाकीचे लोक ज्याला काहीच म्हणत नाहीत, ते सगळं तिथे होतं. हे मोजकाम सतरा वर्षं अखंड चाललं होतं. त्यापायी सरांनी मेहुण्याचं लग्न अर्धं बुडवलं होतं. अपेंडिक्सचं ऑपरेशन शुक्रवारी झालं तेव्हा दुसऱ्या दिवशी टाके सांभाळत, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून ते चौकटीपाशी हजर होते. गुडघे टेकणं शक्य नव्हतं, म्हणून बायकोने टेकले. ती मोजून सांगत गेली, सर लिहीत गेले. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलने सोडलं कसं, असं कुणी विचारेल. हॉस्पिटलने सोडलं नव्हतंच.

एवढा अट्टहास कशासाठी, तर सरांच्या सरांनी एकदा सांगितलं होतं की एकाच जागेकडे वीस वर्षं बघत राहिलं की ती जागा आपणहून काहीतरी सांगते. काय सांगते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण ते बिचारे बघण्याच्या चौदाव्या वर्षीच वारले. चौकटसरांच्या निवृत्तीला आता तीन वर्षं उरली होती आणि विसाव्या वर्षाचा शेवटचा शनिवार बरोबर निवृत्तीच्या तोंडावर येत होता. आयुष्याकडून त्यांचं एवढंच मागणं होतं. बढती वगैरे मागण्यात अर्थ नव्हता, ती कुणी देतही नव्हतं.

आणि नेमक्या त्याच वर्षी वनस्पतिशास्त्राला दोन विद्यार्थी आले. त्यातल्या एकाने अर्जावर चुकीच्या चौकोनात खूण केली होती, हे दुसऱ्या आठवड्यात उघडकीला आलं. प्राचार्यबाईंनी सरांना बोलावून सांगितलं की विभाग पुढल्या वर्षी बंद होईल आणि टाकीमागच्या रिकाम्या जागेत स्कूटर स्टँड होईल. जागा रिकामी नाही, तिथे एकतीस जाती आहेत, असं सर काकुळतीने म्हणाले. बाईंनी शांतपणे विचारलं की त्यातल्या कुणाची हरकत आहे का.

सर घरी आले ते पाय ओढतच. जिन्यातच शेजारचे विमासाहेब भेटले. विमासाहेब म्हणजे विमा कंपनीतले निवृत्त दावा-तपासनीस. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्याही मरणावर कागद बघितल्याशिवाय विश्वास ठेवला नव्हता. निवृत्तीनंतर ही सगळी बुद्धी शेजाऱ्यांच्या वाट्याला आली होती. त्यांनी सरांची कर्मकहाणी पायरीवर उभ्या उभ्या ऐकली आणि निदान केलं की दुखणं विषयाला नाही, नावाला आहे. वनस्पतिशास्त्र म्हटलं की आईबापांना कुंड्या दिसतात. पर्यावरण म्हणा. पेपर उघडा, टीव्ही लावा, सगळीकडे तेच आहे. पदवीचा नवा विषय काढा आणि तुमचं ते गवत त्याची प्रयोगशाळा म्हणून दाखवा, म्हणजे त्याला हात लावायची कुणाची टाप नाही.

सरांनी आयुष्यात पहिल्यांदाच शेजाऱ्याचा सल्ला ऐकला. हा माणूस असे सल्ले गेली बारा वर्षं देत होता आणि सर ते गेली बारा वर्षं टाळत आले होते. तेराव्या वर्षी घसरले.

'पर्यावरणशास्त्र : पदवी अभ्यासक्रम' असा प्रस्ताव सात प्रतींत गेला. त्यात 'क्षेत्रीय प्रयोगशाळा : एक. क्षेत्रफळ : एक चौरस मीटर' असं सरांनी अगदी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. वर कुणी ते वाचलं नसावं, कारण मंजुरी आली.

पहिल्या वर्षी अकरा मुलं आली. सरांच्या नोकरीतलं ते सगळ्यात सुखाचं वर्ष. अकराच्या अकरा मुलं शनिवारी चौकटीभोवती पालथी पडून मोजायची. एक नखाएवढं पान एकाच जातीचं की दोन, यावरून दोघांचं असं वाजलं की ते आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. सरांनी हे घरी बायकोला दोनदा सांगितलं. शास्त्रावरून भांडणारी मुलं त्यांनी कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

दुसऱ्या वर्षी चौसष्ट आली. मधल्या काळात काय घडलं होतं, तर कुठल्याशा दुसऱ्या कॉलेजातल्या एका मुलाला पर्यावरणाचे अहवाल लिहिण्याच्या कंपनीत नोकरी लागली होती. ऑफिसला एसी, न्यायला-आणायला गाडी आणि बाहेर उन्हात जायचं काम नाही. हा मुलगा प्रत्यक्ष कुणी पाहिला नव्हता, पण प्रत्येक पालकाच्या ओळखीत होता. त्यात या विषयाला गणित नाही आणि शेवटी हवेबद्दल चार ओळी लिहिल्या तर नापास कोण करणार, असंही पसरलं. तिसऱ्या वर्षी प्रवेशाची रांग फाटकाबाहेर गेली आणि चारशे बारावर कशीबशी थांबवावी लागली. बाकीचे विभाग ओस पडले तशी तिथली माणसं जीव वाचवायला इकडे आली. भौतिकशास्त्राचे सर 'पर्यावरण आणि उष्णता' शिकवायला लागले, इतिहासाच्या बाई 'पर्यावरणाचा इतिहास' घ्यायला लागल्या आणि व्यायामाच्या सरांनी 'हवा : एक अनुभव' या नावाखाली मुलांना मैदानात पळवायला सुरुवात केली. चौकटसर या सगळ्यांचे विभागप्रमुख झाले. पंगतीत मागच्या दारी बसलेल्या माणसाला एकदम वाढप्यांचा मुख्य करावं, तसं काहीतरी ते झालं.

आता चारशे बारा मुलांनी एका चौरस मीटरभोवती पालथं कसं पडायचं, हा प्रश्न मुलांनी आपल्या परीने सोडवला होता. फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पहिल्या वर्षाच्या मुलांची जर्नलं बांधून ठेवलेली होती. दहा शनिवारांची दहा निरीक्षणं, आकृत्यांसकट. नव्या मुलांनी ती न्यायची, स्वच्छ अक्षरात उतरवायची आणि परत आणून ठेवायची, असा शिरस्ता दुसऱ्या वर्षीच पडला होता. पूर्वी कुठल्या विषयाची जर्नलं उतरवलीच जात नव्हती असं नाही. पण स्वतःच्या चौकटीची, स्वतःच्या एकतीस जातींची नक्कल होते आहे, हे सरांना फार लागलं.

आणि ते दुसऱ्यांदा विमासाहेबांकडे गेले. विमासाहेबांना याचं यत्किंचितही आश्चर्य वाटलं नाही. माणूस जागेवर गेला होता याचा पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. सही? सही कुणीही करतो. फोटो मागा. प्रत्येक मुलाने प्रत्येक निरीक्षणाच्या वेळी चौकटीत उभं राहून फोटो काढायचा आणि जर्नलात चिकटवायचा. दहा निरीक्षणं, दहा फोटो. सरांनी दुसऱ्या दिवशी तसं परिपत्रक काढलं. त्यातला 'चौकटीत' हा शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली स्वतःच्या हाताने सही केली, हे इथे नोंदवून ठेवलेलं बरं.

एरवी त्या शब्दावर त्यांची नजर ठेचकाळली असती. पण त्या दिवसांत सरांना डोकं वर काढायला फुरसत नव्हती. वेळापत्रक समिती, प्रवेश समिती, विभागविस्तार समिती. आणि या सगळ्यांच्या बैठका शनिवारी दुपारी, कारण बाकीच्या दिवशी वर्ग भरलेले. पहिला शनिवार हुकला तेव्हा सरांना अन्न गोड लागलं नाही. सोमवारी सकाळी रजिस्टर उघडून ते बराच वेळ कोऱ्या ओळीकडे बघत बसले. सतरा अधिक दोन, एकोणीस वर्षांत तिथे कधी कोरी ओळ नव्हती. मागल्या वर्षी याच आठवड्यात एकतीस जाती होत्या. त्याच्या मागल्या वर्षीही एकतीस. जागा तीच, ऋतू तोच. सरांनी पेन उचललं, 'एकतीस' लिहिलं आणि पुढच्या शनिवारी जाऊन खात्री करून घेऊ असं मनाशी ठरवलं. पुढच्या शनिवारी विस्तार समितीची बैठक साडेतीनला होती.

असे चौदा शनिवार गेले.

सत्राच्या शेवटी चारशे बारा जर्नलं सरांच्या टेबलावर, टेबलाखाली आणि खिडकीत येऊन पडली. तीन दिवसांत तपासून गुण वर पाठवायचे होते. सर रजिस्टर शेजारी उघडं ठेवून एकेक तपासत गेले. एकतीस, एकतीस, तीस, एकतीस. सगळं जुळत होतं. फोटोही होते. प्रत्येक मुलगा दहा वेगवेगळ्या कपड्यांत चौकटीत उभा होता. सरांना मुलांबद्दल जरा बरं वाटायला लागलं आणि तेवढ्यात काकूंचं जर्नल हाती आलं.

काकू म्हणजे चारशे बारांमधल्या एकट्या पन्नाशीच्या विद्यार्थिनी. शिवणकाम करायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली, आता एक पदवी आपल्या मापाची घ्यावी म्हणून त्यांनी नाव घातलं होतं. पहिल्या बाकावर बसायच्या, पुष्कळदा गळ्यातली टेप काढायची विसरून. वर्ग त्यांना काकू म्हणायचा, म्हणून सरही म्हणायचे, जरी दोघांत फार तर आठ-नऊ वर्षांचं अंतर होतं. तर काकूंच्या जर्नलात लिहिलं होतं : पहिला शनिवार, बावीस जाती. दुसरा, सहा. तिसरा, चार. चौथा, एक. पाचवा, शून्य. मग दहाव्यापर्यंत शून्यच. शेऱ्याच्या रकान्यात 'माती टणक. बुटांचे ठसे.' फोटो एकही नाही. त्या जागी त्यांनी लिहिलं होतं की चौकटीत उभं राहिलं तर रोपांवर पाय पडतो, म्हणून फोटो काढला नाही.

सरांना राग आला. इतकं वय झालेल्या बाईंनी घरी बसून आकडे ठोकून द्यावेत, आणि वर कारणं सांगावीत. त्यांनी लाल पेनाने 'प्रत्यक्ष निरीक्षण न करता लिहिलेले दिसते' असा शेरा मारला आणि वीसपैकी दोन गुण दिले. ते दोनही हस्ताक्षरासाठी.

गुण वर गेले. दोन दिवसांनी काकू विभागात आल्या. भांडायला आल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, माझं मोजताना कुठे चुकलं ते दाखवाल का? कापड बेतताना चुकलं की मी उसवून बघते. हे कसं बघायचं ते मला कळेना."

सर उठले. टाकीमागे आले तर जागा ओळखू येईना. फरसबंद वाट, लोखंडी कुंपण, 'क्षेत्रीय प्रयोगशाळा' असा फलक, पाहुण्यांसाठी बाक आणि फाटकाला कुलूप. सरांना अंधुक आठवलं की या सगळ्यावर आपण कुठल्यातरी बैठकीत सह्या केल्यात. किल्ली ऑफिसात होती आणि नोंदवहीत सही केल्याशिवाय मिळत नव्हती. हेडक्लार्कनी वही उघडून दिली. दुसऱ्या आठवड्यातल्या तीन दिवसांत चारशे अकरा मुलांची नावं होती. बाकी दर शनिवारी एकच सही, काकूंची. सरांची सही कुठेच नव्हती, आणि वही कधी सुरू झाली ते हेडक्लार्कनी बोट ठेवून दाखवलं. "चौदा आठवडे झाले सर," ते म्हणाले, "मी म्हटलं बरं नाही की काय तुम्हाला." काकू तेव्हा खिडकीबाहेर बघत होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

चौकटीत काही नव्हतं. शेणाने सारवलेलं अंगण जसं असतं तशी जमीन होती, चोपून बसलेली. मुलं आली होती, त्या तीन दिवसांत सगळी आली होती. प्रत्येकाने दहा शर्ट आणले होते आणि एका शर्टात एक असे दहा फोटो चौकटीत उभं राहून काढले होते. परिपत्रकात तसंच लिहिलं होतं. चारशे अकरा माणसं, दहा दहा वेळा आत-बाहेर, पायात बूट. काकूंनी वाकून मातीतून काहीतरी उचललं आणि हातावर ठेवून सरांना दाखवलं.

"शर्टाचं बटण," त्या म्हणाल्या. "चार भोकांचं. अशी मी सात वेचली."

सर बाकावर बसले. ज्या जागेने विसाव्या वर्षी काहीतरी सांगायचं होतं ती समोर होती आणि ती जे सांगत होती ते कळायला शास्त्र लागत नव्हतं. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी आवरलंही नाही. काकू शेजारी उभ्याच होत्या. मग सर म्हणाले, "काकू, तुमचं चुकलं नाही. माझं चुकलं. मी चौदा आठवडे इथे आलोच नाही. घरी बसून लिहीत होतो."

काकूंनी हे नीट ऐकून घेतलं. त्यांना धक्का बसला असेल, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. फक्त विचारलं, "मग माझे मार्क?"

मार्क गेले होते. हेडक्लार्कनी अत्यंत सहानुभूतीने समजावलं की गुणांत दुरुस्ती होते, नाही असं नाही, फक्त अर्जात कारण द्यावं लागतं. कारण काय देणार? काकूंची मोजणी बरोबर आहे. ठीक. म्हणजे बाकीच्या चारशे अकरा जणांची चूक. म्हणजे त्यांचे गुण रद्द. आणि तपासताना त्यांची मोजणी बरोबर कशी धरली, तर विभागप्रमुखांचं रजिस्टरच चूक होतं म्हणून. "एका बरोबरपायी एवढ्या चुका कशाला उकरताय, सर?" असं म्हणून त्यांनी सरांना चहा मागवला. प्राचार्यबाईंचं म्हणणं वेगळं नव्हतं, फक्त त्यांनी चहा मागवला नाही. सोमवारी तपासणी समिती येणार होती. प्रवेशाच्या जागा दुप्पट करण्याचा प्रस्ताव होता. आठशे चोवीस मुलांच्या भवितव्यापुढे एका बाईंचे अठरा गुण घेऊन उभं राहायचं सरांना शोभत नाही, असं त्या म्हणाल्या.

घरी सरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती तोवर भाजी करपली.

"म्हणजे शनिवारी चार वाजता तुम्ही तिथे नव्हतात?"

"नव्हतो."

"मग होतात कुठे?"

"मीटिंगमध्ये."

बायकोने करपलेली भाजी खाली उतरवली. मग म्हणाली, "दुसरी बाई असती तर मला एवढं वाईट वाटलं नसतं." आणि तिने डोळे पुसले. टाके पडलेल्या नवऱ्याच्या वतीने गुडघे टेकून मोजलेली रोपं तिची पण होती, हे सरांच्या तेव्हा लक्षात आलं.

शनिवारी, विसाव्या वर्षाच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी चार वाजता सर नोंदवहीत सही करून आत गेले. पोतं अंथरलं, गुडघे टेकले. मोजण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी चौकटीचा कोपरान् कोपरा हाताने चाचपून बघितला. मग रजिस्टर उघडून चौदा खोट्या ओळी एकेक करून खोडल्या, प्रत्येकीपुढे 'प्रत्यक्ष पाहिले नाही' असं लिहिलं आणि शेवटच्या ओळीत शून्य घातलं. रजिस्टर ऑफिसात जमा करून ते घरी आले तेव्हा त्यांना चौदा आठवड्यांत पहिल्यांदा भूक लागली होती.

सोमवारी समिती आली. सर सकाळी फाटकातून आत शिरले तर चौकटीत फुलं. माळ्याने लोखंडी चौकटीच्या आत कुंड्या खेटून लावल्या होत्या, सहा रांगा, एका रांगेत पाच. झेंडू, गुलाब, शेवंती, सगळं काल रोपवाटिकेतून आणलेलं. समितीच्या अध्यक्षांनी वाटेवर उभं राहून स्वतः मोजल्या आणि तीस भरल्या. मग ऑफिसात त्यांच्यापुढे रजिस्टर ठेवण्यात आलं. ते सरांचं नव्हतं. खाडाखोड असलेलं दप्तर समितीपुढे ठेवता येत नाही, असा नियम असल्यामुळे हेडक्लार्कनी रविवारी बसून वीस वर्षांची स्वच्छ प्रत केली होती. खोडलेल्या ओळी न खोडता उतरल्या होत्या. आणि शेवटी तीस.

"ते शून्य आहे," सर म्हणाले. ते एवढ्या मोठ्याने बोलले की सगळे थांबले.

"आम्ही आत्ताच मोजून आलो," अध्यक्ष हसून म्हणाले.

"त्या कुंड्या आहेत. काढून बघा खाली."

अध्यक्षांनी प्राचार्यबाईंकडे बघितलं. बाईंनी हळू आवाजात सांगितलं की सर याच आठवड्यात निवृत्त होताहेत आणि त्यांना ही जागा सोडवत नाहीये. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांच्या सेवेनंतरही स्वतःच्या कामात शून्य बघणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता, असं ते म्हणाले आणि त्यांनी उठून सरांचा हात दोन्ही हातांत धरला. सर हात सोडवून घ्यायला बघत होते. अहवालात 'वीस वर्षांचे अखंड, विश्वासार्ह निरीक्षण' असं वाक्य पडलं आणि आठशे चोवीस जागा मंजूर झाल्या.

सर बाहेर येऊन हेडक्लार्कांना भेटले. मूळ रजिस्टर कुठे आहे ते विचारलं. प्रमाणित प्रत झाल्यावर मूळ ठेवायची गरज नसते, असं कळलं. ते विद्यार्थ्यांच्या कागद-पुनर्वापर उपक्रमात दिलं होतं. उपक्रम उत्तम चालला होता, त्या दिवशी सकाळीच सगळा लगदा झालासुद्धा. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता आणि हेच सरांना सगळ्यात असह्य झालं. शिव्या द्याव्यात असं समोर कुणीच नव्हतं. घरी जाऊन त्यांनी अर्ज लिहिला : 'विसाव्या वर्षाची नोंद दुरुस्त करून मिळणेबाबत'. त्याला उत्तर यायला दोन आठवडे लागले. उत्तर असं होतं की नोंदीत दुरुस्ती करण्याचा अधिकार फक्त विभागप्रमुखांना आहे आणि ते सध्या निवृत्त आहेत.

त्यानंतरच्या आठवड्यात काकू घरी आल्या. पिशवीतून त्यांनी जर्नल काढलं. नापास झालेली जर्नलं पुन्हा लिहून द्यायला परत करतात, म्हणून तेवढं एक वाचलं होतं. बाकीची चारशे अकरा कॉलेजने जपून ठेवली होती. ऑफिसात त्यांना सांगण्यात आलं होतं की सगळीकडे एकतीस लिहा, शेवटी तीस लिहा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

"मी नाही लिहिणार," काकू म्हणाल्या. "तुमची सही हवी होती."

"माझ्या सहीला आता काही किंमत नाही, काकू. मी निवृत्त झालो."

"ऑफिससाठी नकोय. मी मोजलं होतं, ते कुणीतरी बघितलं, एवढं त्यावर असू दे."

सरांनी चष्मा लावला. बावीस, सहा, चार, एक, शून्य. चौकटीच्या शेवटच्या दिवसांचा जगात उरलेला तेवढाच हिशोब होता आणि तो त्यांनी केलेला नव्हता. त्यांनी प्रत्येक पान वाचलं. बायको मागे येऊन उभी राहिली आणि तीही वाचायला लागली. शेवटच्या पानावर आपलाच लाल शेरा होता. सरांनी तो खोडला, खाली 'मोजणी बरोबर आहे' असं लिहिलं, सही केली आणि तारीख घातली.

काकूंनी जर्नल पिशवीत ठेवलं, चहा घेतला आणि त्या गेल्या. महिन्याभराने निकाल लागला. पर्यावरणशास्त्राचा निकाल नव्व्याण्णव पूर्णांक शहात्तर शतांश टक्के लागला. कॉलेजने फाटकावर तसा मोठा फलक लावला. एकच विद्यार्थिनी नापास झाली होती, निरीक्षणात.